दोन फार्मसी कॉलेजं आणि आबांची बाटली

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. भाचीची प्रवेशाची फेरी तोंडावर आलीय आणि घरात दोन तट पडलेत. एक कॉलेज मुंबईचं, जुनं, नाव असलेलं, तिथे बी.फार्म., चार वर्षं. दुसरं आपल्या भागातलं, तितकं नावाजलेलं नाही, पण तिथे फार्म.डी. आहे, सहा वर्षं, आणि संस्थेचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल. भावोजी मुंबईच्या बाजूचे. ताईला फार्म.डी. बरं वाटतंय, कारण नावामागे डॉक्टर लावता येतं म्हणे. (ताई, चिडू नकोस, तूच म्हणालीस.) आणि भाची गप्प आहे. मी तिला विचारलं, तुला काय करायचंय पुढे? तर म्हणाली, "मावशी, मला पेशंटशी बोलायचंय. आणि जमलं तर अमेरिकेत फार्मसिस्ट व्हायचंय."

"तू फार्मसीवाली आहेस ना, मग सांग," असं म्हणून ताईनं फोन ठेवला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून हे लिहितेय. थोडं लांबण लागणार आहे, कारण सुरुवात आबांपासून करावी लागेल.

आमचे आबा मिरजेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. नव्या वाचकांना कंपाउंडर हा शब्द माहीत असेल की नाही कोण जाणे. डॉक्टर तपासून चिठ्ठी आत सरकवायचे आणि आत आबा औषध तयार करायचे. खलात गोळी कुटून पुड्या बांधायच्या, मोठ्या बरण्यांतून मोजून लाल किंवा पांढरं मिक्श्चर बाटलीत भरायचं, आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची. त्या पट्टीला दोन्ही कडांनी कात्रीनं खाचा पाडलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. पेशंटला वाचता येत नसलं तरी चालायचं. आबा पट्टीवर नख ठेवून सांगायचे, "हितपर्यंत सकाळी, हितपर्यंत रात्री. रिकाम्या पोटी घ्यायचं नाही." मग नाव विचारायचे, घरी कोण आहे विचारायचे, मागच्या वेळचं औषध उरलंय का तेही विचारायचे. त्यातली एक रिकामी बाटली आमच्याकडे अजून आहे.

आबा शिकले होते इंग्रजी चौथीपर्यंत. तरी ते कायद्यानं फार्मासिस्ट होते! हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं तेव्हा मी चाट पडले होते. १९४८ साली फार्मसी कायदा झाला. त्याआधी कुणीही दुकान टाकावं, कुणीही औषध द्यावं असा कारभार होता. नव्या कायद्यानं नोंदवही आली, पण इतक्या वर्षांच्या कंपाउंडर लोकांना एकदम घरी कसं बसवणार? म्हणून पहिल्या नोंदवहीत अशी सोय ठेवली की ज्यानं दवाखान्यात किंवा हॉस्पिटलात पाच वर्षं औषधं बनवलीत त्याला अनुभवावर नाव घालता येईल. त्या सोयीत आबांचं नाव लागलं. ते प्रमाणपत्र त्यांनी शेवटपर्यंत देवघराशेजारी लावून ठेवलं होतं.

हा कायदा कुठून आला ते थोडं सांगते, कारण भाचीच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. १९२०च्या दशकात हिंदुस्थानात बनावट आणि निकस औषधांची, विशेषतः क्विनीनची, फार ओरड झाली. हिवतापानं माणसं जात होती आणि क्विनीनच्या नावाखाली काय मिळेल याचा भरवसा नव्हता. सरकारनं १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. चोप्रा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले औषधशास्त्रज्ञ. १९३१ मध्ये अहवाल आला. औषधांवर कायद्याचं नियंत्रण हवं, आणि औषध हाताळणारी शिकलेली माणसं हवीत, असं त्यात होतं. कायदे यायला वेळ लागला. औषध कायदा १९४० चा, फार्मसी कायदा १९४८ चा. पण शिक्षण त्याआधीच सुरू झालं, आणि ते एका माणसाच्या चिकाटीनं.

ते म्हणजे महादेव लाल श्रॉफ. आमच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला हे नाव फळ्यावर लिहिलं गेलं होतं. जन्म १९०२ चा, बिहारचे. अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून आले आणि बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये त्यांनी औषधी रसायन हा विषय सुरू करवला. १९३७ मध्ये तिथे बी.फार्म. ही पदवी सुरू झाली. आपल्या देशातल्या पदवीच्या पातळीवरच्या फार्मसी शिक्षणाचा आरंभ हाच. ६ मार्च हा त्यांचा जन्मदिवस आता फार्मसी शिक्षण दिन म्हणून साजरा होतो.

आता यातली मेख बघा. श्रॉफ रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न होता की या देशात औषधं बनतच नाहीत, बनतात ती तपासली जात नाहीत. म्हणून त्यांनी घडवला तो औषध बनवणारा आणि तपासणारा पदवीधर. तो प्रश्न तेव्हा खरा होता, मी श्रॉफांना दोष देत नाहीये. पण बनारसचा तो विभाग आज कुठे आहे माहितेय? आयआयटीत! बनारसची तंत्रशिक्षण संस्था २०१२ मध्ये आयआयटी झाली आणि देशातला फार्मसीचा पहिला विभाग तिथे औषधनिर्माण अभियांत्रिकी व तंत्रज्ञान विभाग म्हणून नांदतोय.

मुंबईतही तेच. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठानं केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला, माटुंग्याचा यूडीसीटी. (आता आयसीटी म्हणतात, पण आमच्या पिढीला ते जमत नाही.) कापड, रंग, तेलं यांच्या कारखान्यांसाठी माणसं तयार करायची तिथे, आणि १९४० च्या दशकात औषधं हा त्यातला आणखी एक विषय झाला. १९५७ मध्ये इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या इथल्या शाखेनं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी काढलं, ते आज कलिन्याला आहे. हे मात्र व्यावसायिकांनी स्वतःहून काढलेलं कॉलेज.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला फार आवडते. पणजीला पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा काढली आणि फार्मसी तिथेच शिकवली जाऊ लागली. म्हणजे डॉक्टर होणारा आणि औषध देणारा एकाच छपराखाली. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ मध्ये त्यातून स्वतंत्र गोवा फार्मसी कॉलेज झालं. पण पुढे देशभर जो साचा पसरला तो बनारस-माटुंग्याचा.

आणि त्यालाही कारण होतं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मग १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळेनासं झालं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. पद्धत बदला, तेच औषध बनवा. भारतीय कंपन्या भराभर वाढल्या आणि त्यांना बी.फार्म. झालेली मुलं हवीच होती. औषध नियमांमध्ये कारखान्यात देखरेख कुणी करायची हेही लिहिलेलं आहे: फार्मसीचा पदवीधर असेल तर दीड वर्षाचा अनुभव पुरे, रसायनशास्त्राचा बी.एस्सी. असेल तर तीन वर्षांचा. बी.फार्म.ला ही दीड वर्षाची सूट, आणि कारखान्याचं दार असं उघडं.

मग काउंटरवर कोण उभं राहणार? त्यासाठी डिप्लोमा. १९५३ च्या शिक्षण नियमांनी नोंदणीला डिप्लोमा पुरेसा ठरवला. १९८४ पासून नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कुणी औषध देऊ नये हे कलमही लागू झालं. परिणाम तुम्ही गल्लोगल्ली बघताच. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि गोळ्या मोजून देतोय दुसराच. तर असे सरळ दोन भाग पडले, पदवी कारखान्यासाठी आणि डिप्लोमा दुकानासाठी. पेशंटशेजारी उभं राहायला कुणालाच शिकवलं नव्हतं. आबांना तर कुणीच काही शिकवलं नव्हतं, ते आपले आपणच उभे राहिले होते.

असो. आता माझी गोष्ट.

१९९९ ला माझी बारावी झाली. मेडिकल थोडक्यात हुकलं (हे वाक्य फार्मसीच्या निम्म्या मुलांच्या चरित्रात असतं), मग फार्मसी. फॉर्म भरायचा तंत्रशिक्षण संचालनालयाचा. तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही, पण बघा ना, औषधाचं शिक्षण आणि खातं तंत्रशिक्षणाचं! १९८७ च्या कायद्यात तंत्रशिक्षणाची जी व्याख्या आहे, तीत अभियांत्रिकी, वास्तुरचना, नगररचना, व्यवस्थापन यांच्या पंगतीत फार्मसी बसवलेली होती. त्यामुळे आमच्या कॉलेजांना दोन मालक होते, तंत्रशिक्षण परिषद आणि फार्मसी परिषद, आणि दोघांचे आकडे नि नियम एकमेकांशी जुळत नसत.

माझ्यासमोरही दोनच कॉलेजं होती. एक मुंबईचं. दुसरं आमच्याच जिल्ह्यातलं, विनाअनुदानित, नवं. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्यांच्यामागोमाग फार्मसीचीही उगवली, त्यातलंच एक. त्या संस्थेचं हॉस्पिटल रस्त्यापलीकडे होतं. आबा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. घरात सगळे नाव, फी, होस्टेल, नोकरी यावर बोलत होते. आबांनी एकच विचारलं, "पेशंट बगायला मिळणार काय गं तिथं?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. आबांना वाटतंय ही कंपाउंडर होणार! :)

मी मुंबई घेतली. वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. पण चार वर्षांत प्रॅक्टिकलला पेशंट काही आला नाही. बेडूक आला, गिनी पिगच्या आतड्याचा तुकडा आला. काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमावर सुईनं रेघ उठायची, औषधाचा थेंब पडला की रेघ वर जायची, आणि मग तो काजळीचा कागद लाखेच्या द्रावणात बुडवून जर्नलला चिकटवायचा. सोनामुखीच्या पानाचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. हातानं फिरवायच्या मशिनवर गोळ्या पाडल्या, त्यांचं वजन केलं, त्या किती वेळात विरघळतात ते पाहिलं. पण ती गोळी घेणारा माणूस मात्र पेपरातल्या प्रश्नापुरता.

माझी एक मैत्रीण त्या दुसऱ्या कॉलेजात गेली होती. मला बरीच वर्षं वाटायचं की ती तरी हॉस्पिटलात जात असणार. एकदा दिवाळीत भेटलो तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "अगं, चार वर्षांत रस्ता ओलांडला तो फक्त तिथल्या कँटीनला जाण्यासाठी." अभ्यासक्रम तोच ना. हॉस्पिटल शेजारी असून उपयोग काय?

आणि अमेरिका. आमच्या होस्टेलवर तिसऱ्या वर्षापासून एकच विषय. वरच्या बॅचेसच्या मुली परदेशी पदवीधरांची परीक्षा देऊन तिकडे फार्मसिस्ट होत होत्या. माझंही ठरलेलं. आणि मग बातमी आली की १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेणाऱ्याचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा हवा. आमचा चार वर्षांचा. माझी पदवी जून २००३ ची. माझी रूममेट एक वर्ष पुढे होती, २००२ ची. ती न्यू जर्सीत काउंटरवर उभी आहे आणि मी इथे एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात कागद तपासतेय. फरक सहा महिन्यांचा.

तेव्हा मी खूप रडले होते. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, ताईला आज कळतंय. नशिबाला बोल लावला, नियम करणाऱ्यांना शिव्या दिल्या. बऱ्याच वर्षांनी जुना इतिहास वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की हे काही अचानक आभाळातून पडलेलं नव्हतं. अमेरिकेत चार वर्षांची पदवी सक्तीची झाली १९३२ मध्ये, म्हणजे श्रॉफ बनारसला सुरुवात करत होते त्याच वर्षी. १९६० मध्ये तिथे पाच वर्षं झाली. १९५० मध्येच कॅलिफोर्नियात एका विद्यापीठानं सहा वर्षांचा फार्म.डी. काढला होता, आणि १९९० च्या दशकात सगळीकडे तोच करायचं ठरलं. जी वर्षं वाढली ती मुख्यतः रुग्णाजवळची. तिकडे गोळ्या कारखान्यात बनू लागल्या, फार्मसिस्टचं खलबत्त्याचं काम गेलं, मग तो हळूहळू पेशंटकडे वळला. आपल्याकडे गोळ्या कारखान्यात बनू लागल्या तेव्हा पदवीधर कारखान्यात गेला. १९९९ मध्ये हे कुणी मला सांगितलं असतं तर? कदाचित मी तरीही मुंबईच घेतली असती. पण अमेरिकेचं स्वप्न त्या पदवीला टांगलं नसतं.

कारखान्यातल्या वीस वर्षांबद्दल माझी तक्रार नाही, हेही भाचीनं वाचावं. बॅच अडवली म्हणून वरिष्ठांचा राग ओढवून घेतलाय आणि ती अडवली ते बरोबर होतं हे नंतर सिद्ध झालंय, असं दोनदा घडलंय. ते काम मला येतं आणि आवडतं. मुंबईच्या त्या शिक्षणानंच ते दिलं. ज्याला औषध बनवायचंय, तपासायचंय, संशोधनात जायचंय त्याला मी आजही डोळे मिटून तिकडेच जा म्हणेन.

आता फार्म.डी. तो आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झाला. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. कॉलेजाला निदान तीनशे खाटांचं हॉस्पिटल स्वतःचं असलं पाहिजे किंवा तसा करार पाहिजे, आणि एका वर्गात मुलं तीसच. पाच वर्षांची ती अट यात पुरी होते, म्हणून परदेशी जाऊ पाहणारी मुलं इकडे वळली. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की फार्मसी शिक्षणाच्या बाबतीत शब्द फार्मसी परिषदेचा चालेल, तंत्रशिक्षण परिषदेचा नाही. हा खटला विदर्भातल्या एका फार्मसी संस्थेच्या प्रकरणातून गेला होता, म्हणून माझं त्याकडे विशेष लक्ष होतं. निदान कायद्यापुरती फार्मसी अभियांत्रिकीच्या पंगतीतून उठली.

पण भावोजींची शंका खोटी नाही. हॉस्पिटलांत फार्म.डी.ला जागा किती? माझ्या ओळखीची जी मुलं झालीत त्यातली बरीच औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांत संगणकासमोर बसलीत. वॉर्डात राहिलेली थोडी. डॉक्टर राउंडला बरोबर घेतात का, ऐकतात का, यावर सगळं असतं. आणि अमेरिका म्हणाल तर परीक्षा, प्रशिक्षणाचे तास, व्हिसा हे सगळं पुढे उरतंच. शिवाय नियम पुन्हा बदलणार नाहीत याची हमी मी तरी देणार नाही. :)

म्हणून फोनवर मी भाचीला फक्त एवढंच सांगितलं होतं की दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइट बंद कर आणि जाऊन ये. मुंबईत गेलीस तर विचार, गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली. इकडे गेलीस तर ऑफिसात जाऊ नकोस, हॉस्पिटलात मेडिसिनच्या वॉर्डात जा आणि सिस्टरना विचार, फार्म.डी.ची मुलं इथे येतात का, आणि आली तर काय करतात.

ती बुधवारी गेली होती. रात्री फोन आला, आवाज बदललेला. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "येतात की, रोज सकाळी, चार-पाच जणं." एक मुलगी तिथेच होती, पाचव्या वर्षाची. एका आजींना शंका होती की साखरेची गोळी आणि रक्तदाबाची गोळी सारखीच दिसते. ती मुलगी खाटेजवळ स्टुलावर बसून एका पाकिटावर सूर्य आणि एकावर चंद्र काढून देत होती.

"मावशी, आबांची बाटली तुझ्याकडेच आहे ना?" भाचीनं विचारलं. मी म्हटलं आहे.

पर्याय भरायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे. तिनं गुरुवारीच फॉर्म भरून टाकला, पहिल्या पर्यायाला फार्म.डी., दुसऱ्याला मुंबई. भावोजी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.